फाटकाची पिवळी कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. गाण्यांची नव्हे बरं का, व्हिडिओ गेमची. टीव्हीला एक काळा डबा जोडायचा, डब्याच्या डोक्यावरच्या खाचेत मला खोचायचं आणि रिमोटचं बटन दाबायचं, की झाले मी सुरू. अंगाने तळहाताएवढी, रंगाने पिवळीधमक. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुमचा हिरमोड नको. मी काही पोरांची लाडकी कॅसेट नाही. मला पाहून कुणी टाळ्या वाजवत नाही, उलट ‘ही कशाला लावली बे?’ असंच म्हणतात. इतकी वर्षं ऐकतेय, आता त्याचं काही वाटत नाही. खरं सांगू? थोडं वाटतं.

माझा जन्म फार लांबच्या एका कारखान्यात झाला. कुठलं गाव, कुठला मुलूख, ते मला विचारू नका, कारण मला कुणी सांगितलंच नाही. पोटात एक हिरवी पाटी बसवली, वरून झाकण दाबलं आणि अंगावर एक चित्र चिकटवलं. तिथेच माझं नशीब फुटलं! चित्रात एक दाढीवाला सैनिक दोन्ही हातांत बंदुका घेऊन ओरडत होता. मागे आगीचा डोंब, वर हेलिकॉप्टर. आणि पोटात? पोटात होतं रेल्वेचं फाटक.

हो, फाटक. एक रस्ता, त्याला आडवे जाणारे रूळ, बाजूला फाटकवाल्याची छोटी खोली. घंटा वाजली की बटन दाबून फाटक खाली घ्यायचं. गाडी धडधडत निघून जाते. मग फाटक वर. ट्रक जातात, सायकलवाले जातात, एक बदक आपली पिल्लं घेऊन डुलत डुलत जातं. फाटक फार आधी पाडलंत तर थांबलेल्यांच्या डोक्यावर रागाचे काळे ढग येतात. उशीर केलात तर आगगाडी करकचून थांबते, ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढतो आणि तुमच्याकडे बघून नुसती मान हलवतो. कुणी मरत नाही, कुणी जिंकतही नाही. संध्याकाळ झाली की फाटकवाला कंदील लावतो, बाकावर बसून कपातून काहीतरी पितो, आणि परत सकाळ होते. हे सारं ज्याने रचलं त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण तो माणूस घाईचा नसावा.

फिरत फिरत मी बीडजवळच्या नेकनूरच्या आठवडी बाजारात आले. एका ताडपत्रीवर बॅटऱ्या, आरसे आणि रबरी चपलांच्या शेजारी पडून राहिले. तिथून मला अमरसिंहांनी उचललं. नेकनूरपासून थोडं आत त्यांचं गाव. शेतीवाडी मोठी. वडील विठ्ठलराव पूर्वी सरपंच होते, आणि अजूनही गावातलं कुठलंच काम त्यांच्या बैठकीतून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. अमरसिंहांची लेक राजनंदिनी सारखी त्यांच्या मोबाइलला चिकटलेली असायची, म्हणून त्यांनी टीव्हीचा गेम घेतला आणि माझ्यावरचा सैनिक पाहून म्हणाले, ‘ही बी टाका पिशवीत.’ मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आपल्यालाही घर मिळालं, असं वाटलं.

तो आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. राजनंदिनी आणि तिची मैत्रीण बबिता मला लावून पडद्यापुढे बसल्या.

“बंदूकवाला कुठं गेला गं?” बबिता म्हणाली.

“थांब, पुढं असंल.” राजनंदिनीने सगळी बटनं एकदम दाबून पाहिली. फाटक वर, फाटक खाली. बदक गेलं. “अय्या! ह्याच्यात काहीच होत न्हाई. नुसतं थांबायचंच हाय!”

“लई रटाळ हाय. काढ.”

काढलं मला. मग सुरू झाली माझी वरात. गावातली पोरं कॅसेटींची अदलाबदल करायची. जो तो चित्र पाहून मला हौसेने घरी न्यायचा आणि दुसऱ्याच दिवशी तोंड वाकडं करून परत आणून द्यायचा. एकाने तर मला नुसती परत केली नाही, वर ‘फसवलंस’ म्हणून राजनंदिनीशी भांडण काढलं. त्या दिवशी ती माझ्यावर इतकी वैतागली, की टीव्हीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली तिने मला सरकवून दिलं. टेबल डुगडुगायचं थांबलं. मित्रांनो, माझं घरात कौतुक झालं ते एवढंच.

तिथे मी किती काळ होते कोण जाणे. रोज सकाळी फरशी पुसताना ओलं फडकं माझ्या अंगावरून जायचं. त्या फडक्याने सैनिक हळूहळू पुसला गेला. आधी हेलिकॉप्टर गेलं, मग आग, शेवटी त्याची दाढी. मला आधी वाईट वाटलं. पुढे कळलं, की ते फडकंच माझ्यावर उपकार करत होतं.

फडकं होतं वनमालाच्या हातात. वनमाला म्हणजे अमरसिंहांची बायको, राजनंदिनीची आई. त्या घरातल्या सुनेचा दिवस कसा असतो, ते मी टेबलाखालून ऐकलेलं आहे. बैठकीत माणसं येतच असतात. कुणाचा बांधाचा वाद, कुणाच्या पोराच्या नोकरीचं, कुणी नुसतंच बसायला. आणि बाहेरून हाक येते, “वनमाला, च्या टाक गं!” पहिला चहा उतरतो न उतरतो तोच आणखी चौघे येतात. भाकरीचं पीठ तसंच ठेवून बिचारी परत चहाला. कुणी वाईट बोलायचं नाही तिला, तसं घर चांगलं होतं. पण तिला कुणी ‘बस’ म्हणतही नव्हतं.

एके दिवशी भिंतींच्या रंगाचं माप घ्यायला टेबल हलवलं आणि मी तिच्या हाती लागले. तिने मला उलटून पालटून पाहिलं. चित्र नव्हतं, त्यामुळे माझ्याकडून बंदुकीची अपेक्षा तिने केलीच नाही. त्या दुपारी बैठक रिकामी होती, आबा आणि अमरसिंह बीडला गेले होते, सासूबाई तुळजाबाई आडव्या झाल्या होत्या. लेक कसं लावते हे वनमालाने शंभरदा पाहिलं होतं. तिने मला खाचेत खोचलं.

घंटा वाजली. तिने बटन दाबलं. फाटक खाली आलं. दोन ट्रक, एक मोटार, एक छत्रीवाला म्हातारा, सगळे मुकाट उभे राहिले. गाडी गेली. तिने फाटक उघडलं. सगळे ओळीने पार झाले. बदक दिसलं तशी ती खुदकन हसली. पुन्हा घंटा, पुन्हा फाटक. एक ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला, तशी ती पडद्याकडे बोट करून म्हणाली, “थांब म्हनलं ना! दम न्हाई व्हय तुला?”

आणि काय सांगू, तो थांबला की हो!

संध्याकाळ झाली. फाटकवाला कंदील लावून बाकावर बसला. वनमालाही मागे टेकून बसली आणि स्वतःशीच म्हणाली, “किती झ्याक हाय हे.” झ्याक! मला कुणीतरी झ्याक म्हटलं! मित्रांनो, मला रडता येत असतं तर मी तिथेच रडले असते.

मग हे रोजचंच झालं. दुपारी घर शांत झालं की ती आतल्या खोलीची कडी लावायची, टीव्हीचा आवाज बारीक करायची आणि खेळायची. खेळताना सगळ्यांशी बोलायची. म्हाताऱ्याला ‘या बाबा, सावकाश या’ म्हणायची, ट्रकवाल्याला दटावायची, ड्रायव्हरने मान हलवली की जीभ चावायची. उठताना तिचा चेहरा झोप झाल्यासारखा ताजा दिसायचा.

एकदा कडी लावायची राहिली आणि राजनंदिनी शाळेतून लवकर आली.

“मम्मी! तू ही खेळायलीस?” तिला हसूच आवरेना. “अगं, ही सगळ्यात बेकार हाय. आमच्या वर्गात कुनालाबी इचार. बरं झालं सापडली. नेकनूरचा दुकानदार दोन जुन्या घेऊन एक नवी द्यायलाय. रविवारी पप्पासंगं देऊन टाकते.”

वनमालाचा चेहरा उतरला. “मी... आपली पुसून ठेवत होते,” ती म्हणाली. आपल्याला ही आवडते, हे तिच्या तोंडून निघालंच नाही. एवढ्या मोठ्या घरची सून आणि पोरांनी टाकून दिलेला गेम खेळते, हे गावात कळलं तर? तिला लाज वाटली. मलाही तिची लाज कळली, पण मनात खोलवर लागलंच.

तरी तिने मला सोडलं नाही. खोलीच्या कोपऱ्यात अंथरूण-पांघरुणाची चळत होती. सगळ्यांत खाली तिच्या आईने शिवून दिलेली जुनी वाकळ होती. वापरून विरलेली, एका कडेची शिवण उसवलेली. त्या उसवलेल्या जागेतून वनमालाने मला आत सरकवलं. रविवारी राजनंदिनीने घर धुंडाळलं, ‘मम्मी, कॅसेट कुठं गेली?’ म्हणून विचारलं, आणि वनमाला भाकरी थापता थापता म्हणाली, “मला काय ठावं?” दुपारी ती मला बाहेर काढायची आणि खेळून झालं की परत वाकळीत ठेवायची. मी तिथे सुखात होते. एकाच माणसाला आवडणं पुरेसं असतं, असं मला तेव्हा वाटायला लागलं.

आता दसऱ्याचं सांगायला हवं. आमच्या भागात घट बसायच्या आधी ‘दसरा काढतात’. म्हणजे घरात जेवढं म्हणून कापड आहे, तेवढं सगळं धुवायचं. गोधड्या, चादरी, सतरंज्या, उशांचे अभ्रे, पडदे. एक चिंधी तशी राहता कामा नये. नदीवर नुसती बायकांची आणि ट्रॉल्यांची जत्रा भरते. वनमालाला वाटलं, आपली वाकळ इतकी विरलेली, तिला कोण नेतंय? तरी सकाळी कॅसेट काढून घेऊ, असं तिने ठरवलं होतं. पण सकाळीच बैठक भरली. तालुक्याहून माणसं आली होती. ती चुलीपुढून हलू शकली नाही. आणि इकडे तुळजाबाईंनी ट्रॅक्टरवाल्या लखनला हाताशी घेऊन सगळी चळत ट्रॉलीत टाकली. तळच्या वाकळीसकट, आणि वाकळीतल्या माझ्यासकट.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. अंधारात एकदम गार पाणी आलं. माझ्या पोटात पाणी शिरलं, मग साबणाचा फेस. वरून पाय. धप धप धप! नंतर मोगरी. लाकडाची ती मोगरी वाकळीवर बसत होती आणि प्रत्येक घाव माझ्या पाठीवर. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. मी मनात म्हटलं, संपलं आपलं. पाण्यात गेलेल्या कॅसेटीला कोण विचारतंय? मरायचं भय वाटलं, हे कबूल करते. पण वनमाला दुपारी काय करेल, हा विचार त्याहून जास्त आला.

“तुळजाबाई, ह्यात काय टणक लागायलंय बघा,” शेजारची साखराबाई म्हणाली. तिच्याच हातात मोगरी होती.

तुळजाबाईंनी उसवलेल्या शिवणीत हात घातला आणि मला बाहेर ओढलं. फेसाने माखलेली, पाणी गाळणारी मी, भर उन्हात साऱ्या बायकांपुढे!

“आत्याबाई, थांबा! ती वाकळ नका धुऊ!” वरच्या वाटेने वनमाला येत होती. येत कसली, धावत होती. पदर खांद्यावर, हात पिठाचे. चळत दिसली नाही तशी ती तालुक्याच्या माणसांचा चहा चुलीवरच सोडून निघाली होती. त्या घरची सून गावातून अशी पळताना कुणी पाहिलीच नव्हती. तुळजाबाईंच्या हातात मला पाहून ती जागीच थबकली.

“ही कुनाची?” तुळजाबाईंनी विचारलं.

पोरीची, असं म्हणून तिला सुटता आलं असतं. कुणाला शंकाही आली नसती. मला तर वाटलं, ती तेच म्हणणार. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान वर केली.

“माझी हाय, आत्याबाई. मी खेळते ती. रोज दुपारी. पोरांना कुनालाच आवडत न्हाई, पन मला लई आवडते.”

दोघीतिघी बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तुळजाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मला हातात घेऊन तशाच दगडावर बसल्या.

“म्हंजी तू कडी लावून गेम खेळायलीस?”

“व्हय.”

“आन आत बोलायलीस, ते?”

“ते... ट्रकवाल्याला.”

“अगं माय!” तुळजाबाईंनी ओल्या हाताने कपाळ पुसलं. “आन मी काय समजले? म्हनलं पोरगी रोज कडी लावून माहेरी फोन लावायलीय, रडायलीय. ह्या घरात च्या टाकून टाकून कावली, आता जाते का काय निघून. तुज्या माईला फोन करावा म्हनलं तर धीर होईना. तुला इचारावं तर तू काय सांगशील ह्याचं भ्याव. रोज दुपारी दारापाशी येऊन उभी ऱ्हायचे गं मी. झोप कशाची येती!”

आणि बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. वनमाला त्यांच्या शेजारी टेकली. “आत्याबाई, लोकं हसतील म्हनून लपवलं हो.”

“हसू दे की. मी हसायलेच न्हाई का आता?” असं म्हणून त्यांनी तिच्या पिठाच्या हातावर आपला हात ठेवला. साखराबाईने मोगरी बाजूला टाकली आणि म्हणाली, “मला काय ठावं बाई, न्हाईतर हळू मारलं असतं.”

तुळजाबाईंनी मला पदराने पुसलं, आपटून पाणी काढलं आणि चादरी वाळत घातल्या होत्या तिथे उन्हात ठेवलं. घरी आल्यावर त्यांनी मला ज्वारीच्या डब्यात पुरलं. ओला झालेला मोबाइल धान्यात ठेवतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. घट बसेपर्यंत मी ज्वारीतच होते. वनमाला येता जाता डब्याकडे पाहायची, पण उघडायचं धाडस करत नव्हती. मी चालले नाही तर, या भीतीने तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

घट बसले त्या दुपारी तिने मला काढलं. खोलीत तुळजाबाई होत्या, राजनंदिनीही होती. मला खोचलं, बटन दाबलं. पडदा काळा. परत काढलं, परत खोचलं. काळाच. मी आतून सगळा जोर लावत होते, मित्रांनो, पण काही उमटेना. वनमालाने रिमोट खाली ठेवला.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

“का म्हनून ऱ्हाऊ दे?” राजनंदिनी उठली. दप्तरातून खोडरबर काढून तिने माझ्या तळाशी असलेल्या पितळी पट्ट्या एकेक करून घासल्या. सगळी काळी काजळी निघाली. मग आत जोराने फुंकर मारली.

“तुला तर आवडत न्हाई ना ही?” वनमालाने विचारलं.

“न्हाईच आवडत. लई रटाळ हाय,” राजनंदिनी घासता घासता म्हणाली. “पन तुला आवडते की.”

तिने मला खोचलं. पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा नाचल्या. मग रस्ता दिसला. रूळ दिसले. घंटा वाजली!

“फाटक पाड, फाटक पाड!” सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं असेल? तुळजाबाई! वनमालाने घाईघाईने बटन दाबलं, आणि गाडी सुखरूप निघून गेली. तिघींचा जीव भांड्यात पडला. माझा तर पडलाच पडला.

तेवढ्यात बैठकीतून आबांची हाक आली, “वनमाला, च्या टाक गं, पाव्हने आलेत!”

वनमाला सवयीने अर्धी उठली. तुळजाबाईंनी तिला खांदा दाबून खाली बसवलं आणि दाराची कडी काढून, दार सताड उघडून, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “ती खेळायलीय. अमरसिंहाला म्हना टाकायला. त्याला येतो.”

उघड्या दारातून अमरसिंह उठताना दिसले. मग स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अमरसिंहांचा, “साखर कुठंय?”

मित्रांनो, मी आजही त्याच घरात आहे. टवका उडालेली, चित्र गेलेली. मला पाण्यात टाकू नका, उन्हात फार ठेवू नका, पट्ट्या काळ्या पडल्या तर खोडरबराने हलकेच घासा, एवढं तर मी मागणारच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुम्हाला जे रटाळ वाटतं, त्यात कुणाचा तरी जीव रमत असेल. त्याला ते लपवायला लावू नका. आणि तुमच्या घरात कुणी रोज दुपारी कडी लावून बसत असेल, तर बाहेर उभं राहून घाबरू नका. दार वाजवा, आत जा आणि विचारा, ‘काय खेळायलीस गं?’ मग हसू आलंच तर शेजारी बसून हसा.